मदत हवी आहे: झीझी टॉपचा कोणता संग्रह घ्यावा? (दादा म्हणतो, "ड्रम बदललेत")

बायूकाठचा

नमस्कार मंडळी,

मी ह्यूस्टनला असतो. डिसेंबरात पुण्याला चक्कर आहे आणि थोरल्या भावासाठी झीझी टॉपचा एखादा चांगला संग्रह न्यायचा आहे. सुटे अल्बम नकोत, सगळी कारकीर्द एका डब्यात मावेल असं काहीतरी. बँड आमच्या ह्यूस्टनचाच, पण माझं ज्ञान दोन लांब दाढ्या आणि एक लाल गाडी यापुढे जात नाही.

दादाचं वेड कॉलेजपासूनचं. ऐंशीच्या आगेमागे मित्राकडच्या एलपीवरून त्याने 'ट्रेस ओम्ब्रेस'ची कॅसेट भरून घेतली होती. घरात इतकी वाजली की आईलासुद्धा त्यातल्या गिटारी ओळखू यायच्या. मागच्या खेपेला इथल्या जुन्या सीडींच्या दुकानातून त्याच अल्बमची सीडी घेऊन गेलो. पहिली दोन गाणी गप्प बसून ऐकली. 'ला ग्रेंज' लागलं तसा म्हणाला, "हे ते नव्हे. ड्रम बदललेत कुणीतरी." वहिनीचं म्हणणं, ड्रम तेच आहेत, कान बदललेत. तेव्हापासून घरात यावरून दोन तट आहेत.

तर आधी हे सांगा की दादा म्हणतो त्यात तथ्य आहे का? आणि दुसरं, शोधल्यावर १९७७, १९९२, २००३, २००४ आणि २०१९ असे पाच संग्रह दिसतात, त्यातला कुठला घेऊ? मोबाइलवर ऐक म्हणून सांगू नका, त्याला हातात धरायला पुठ्ठा आणि वाचायला बारीक अक्षरं लागतात. सीडी प्लेअर चालू स्थितीत आहे.

आगाऊ धन्यवाद.

टंगळमंगळ

१९९२ चं 'ग्रेटेस्ट हिट्स' घ्या आणि मोकळे व्हा. १८ गाणी आहेत, सगळी गाजलेली. बाकी त्या तिघांत ज्याचं आडनाव बिअर्ड, तोच बिनदाढीचा, हे माहीत आहे ना?

रिळवाला

टंगळमंगळ, तो संग्रह या दादांना देऊ नका हो. त्या १८ गाण्यांत १९७९ च्या आधीची दोनच आहेत, 'टश' आणि 'ला ग्रेंज'. बाकी सगळा भर 'एलिमिनेटर' हा अल्बम आणि त्यानंतरच्या सिंथेसायझरच्या काळावर. एमटीव्हीवर त्यांना पाहिलेल्यांसाठी तो ठीक आहे. यांचा माणूस कॅसेटवाला आहे.

आता मूळ प्रश्न. बायूकाठचा, वहिनींना सांगा की दादांचे कान शाबूत आहेत. ड्रम खरोखर बदललेले आहेत.

झालं असं की १९८३ मध्ये 'एलिमिनेटर' आला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. त्यात ड्रम मशीन होतं, सिंथ होता, सगळं घासूनपुसून चकचकीत. तोवर सीडीचं युग सुरू झालं होतं आणि जुने अल्बम सीडीवर आणायचे होते. कंपनीला वाटलं, ही नवी गिऱ्हाइकं सत्तरच्या दशकातला कोरडा, खरखरीत आवाज ऐकून नाक मुरडतील. म्हणून १९८७ मध्ये 'सिक्सपॅक' नावाचा तीन सीडींचा संच निघाला, त्यात पहिले पाच अल्बम नव्याने मिक्स करून, म्हणजे वाद्यांचे वेगवेगळे मुद्रित आवाज पुन्हा जुळवून, घातले. फ्रँक बिअर्डच्या ड्रमवर डिजिटल प्रतिध्वनी चढवला, ठोके मशीनसारखे केले. आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यांवर झंकार बीट्स चढवून कॅसेट विकायचे, अगदी तसंच, फक्त इथे खुद्द बँडच्याच गाण्यांवर बँडच्याच कंपनीने ते केलं.

खरी गोम पुढे आहे. सुट्या सीडी निघाल्या त्याही याच नव्या मिक्सच्या, आणि मुखपृष्ठ मात्र जुनंच. जुन्या सीडींच्या दुकानात आजही त्याच जास्त सापडतात. तुम्ही नेलीत ती नक्की त्यातली.

सातारी_तर्री

ओह! म्हणजे माझ्याकडची 'रिओ ग्रँड मड' सुद्धा तीच असणार. इतकी वर्षं मला वाटायचं, बँड चांगला पण रेकॉर्डिंग कसंतरीच.

ओळखायचं कसं पण?

रिळवाला

'ला ग्रेंज' लावा. सुरुवातीला गिटार आणि ड्रमच्या कडेवर काठीची टिकटिक, त्यावर गायक-गिटारवादक बिली गिबन्सचं घोगरं पुटपुटणं. मग अख्खे ड्रम धाडकन आत येतात. मूळ मिक्समध्ये तो आवाज कोरडा आणि जवळचा आहे, लहान खोलीत समोर बसून कुणी वाजवावं तसा. १९८७ च्या मिक्समध्ये तेच ड्रम रिकाम्या गोदामात वाजल्यासारखे घुमतात. एकदा फरक कळला की पुन्हा चुकायला होत नाही.

न ऐकता ओळखायचं असेल तर मागची यादी बघा. 'ट्रेस ओम्ब्रेस' २००६ मध्ये मूळ मिक्समध्ये पुन्हा निघाला, त्याच्या शेवटी तीन लाइव्ह गाणी जोडलेली आहेत. ती तीन दिसली की डोळे मिटून घ्या. 'फँडँगो'सुद्धा त्याच वर्षी तसाच सुधारून आला.

मंद्र_पंचम

रिळवाला यांच्याशी सहमत. आता संग्रहांबद्दल मी लिहितो, कारण यावर मी बराच पैसा घालवला आहे आणि बायकोला तो सत्कारणी लागल्याचं कुठेतरी दाखवायचं आहे.

१९७७ चा 'द बेस्ट ऑफ झीझी टॉप' हा छोटासा, १० गाण्यांचा. पहिल्या चार अल्बमांतून निवडलेली गाणी, पाचव्या 'तेहास'मधलं एकही नाही. मिक्स मूळचेच. म्हणून सीडीच्या काळात जाणकार मंडळी गुपचूप हाच घ्यायची. दर्जा पहिला, पण सगळी कारकीर्द यात नाही.

२००३ चा 'क्रोम, स्मोक अँड बीबीक्यू' हा चार सीडींचा डबा. माझ्या मते तुमचं उत्तर हेच आहे. जुनी गाणी मूळ मिक्समध्ये एवढ्या संख्येने सीडीवर पहिल्यांदा इथेच आली. सुरुवात झीझी टॉपच्याही आधीपासून होते: गिबन्स ह्यूस्टनमध्ये 'मूव्हिंग साइडवॉक्स' नावाच्या बँडमध्ये होता, १९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सच्या कार्यक्रमांत हे लोक आधी वाजवायचे. त्यांची गाणी, मग १९६९ चं पहिलं सिंगल 'सॉल्ट लिक', ज्यात बासवादक डस्टी हिल आणि बिअर्ड अजून आलेलेच नाहीत, आणि तिथून पुढे. सोबत जाड पुस्तिका आहे, दादांच्या बारीक अक्षरांची सोय झाली. शेवटाकडे बारा इंची रेकॉर्डवरचे काही डान्स रिमिक्स आहेत, ते ऐकले नाहीत तरी चालेल. एकच उणीव, वॉर्नर ही रेकॉर्ड कंपनी सोडून हे लोक पुढे आरसीएकडे गेले (१९९४ चा 'अँटेना' हा तिथला पहिला अल्बम), तिथलं काहीच यात नाही.

२००४ चा 'रँचो टेक्सिकानो' म्हणजे याच डब्याची दोन सीडींची धाकटी आवृत्ती. बॅगेत जागा नसेल तर.

२०१९ चा 'गोइन फिफ्टी' हा ५० वर्षांनिमित्त काढलेला, ५० गाणी, तीन सीडी. सगळी कारकीर्द अक्षरशः हवी असेल तर हाच, कारण आरसीएची वर्षंही आहेत. पण घेताना नीट बघा, याच नावाची एका सीडीचीही आवृत्ती आहे. आणि खरं सांगू का, 'अँटेना'नंतरची गाणी दादा एकदा ऐकतील आणि परत पहिल्या सीडीकडे वळतील.

टंगळमंगळ

माझी सूचना मागे घेतो. तरी 'एलिमिनेटर'मधलं 'लेग्ज' आवडत नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

सातारी_तर्री

बायूकाठचा, अवांतर आहे पण तुम्ही ह्यूस्टनला आहात म्हणून विचारते. ला ग्रेंज हे गाव तुमच्याकडून जवळ ना?

बायूकाठचा

ऑस्टिनला ७१ नंबरच्या रस्त्याने गेलं की वाटेतच लागतं. आम्ही तिथे चहाला थांबतो. गाण्याचा गावाशी काय संबंध, ते मात्र आजवर विचारलं नव्हतं.

रिळवाला

मुलं झोपली की वाचा. गावाबाहेर 'चिकन रँच' नावाचा कुंटणखाना होता, पिढ्यानपिढ्या चाललेला. गाणं त्याच्यावर आहे, नाव न घेता. 'ट्रेस ओम्ब्रेस' १९७३ च्या जुलैअखेरीस आला आणि ऑगस्ट उजाडताच तो कुंटणखाना बंद पडला, कारण तुमच्याच ह्यूस्टनच्या एका टीव्ही वार्ताहराने त्याविरुद्ध मोहीम उघडली होती. गाणं बिलबोर्डच्या यादीत ४१ वर अडकलं, पण अल्बम पहिल्या दहात गेला. पुढे त्या ठेक्यावरून खटलाही झाला. ब्लूज गायक जॉन ली हुकरच्या 'बूगी चिलन' या गाण्याचे हक्क ज्यांच्याकडे होते, त्यांनी नव्वदच्या दशकात यांना कोर्टात खेचलं. ठेका हुकरचा आठवतो हे खरंच आहे, ब्लूजमध्ये अशी देवाणघेवाण सगळेच करत आले. कोर्टात मात्र ती समजावून सांगणं अवघड.

बायूकाठचा

भारी! थांबा चहाचाच राहील, पण आता हिला सांगायला गोष्ट आहे.

तर डबा पक्का करतो. वापरलेला मिळतोय, विक्रेता बरा वाटतो. अजून एक शंका. दादाला फोन करून बाकी काही न सांगता विचारलं की आवडता अल्बम कुठला, तर 'ट्रेस ओम्ब्रेस' नाही, 'तेहास' म्हणाला! वर मंद्र_पंचम यांनी लिहिलंय की १९७७ च्या संग्रहात त्यातलं काहीच नाही. मग डब्यात आहे का?

मंद्र_पंचम

दादा पोचलेले दिसतात. 'तेहास' सहसा कुणी सांगत नाही. डब्यात त्यातली काही गाणी आहेत, पण अख्खा अल्बम मूळ मिक्समध्ये सीडीवर यायला २०१३ उजाडलं. त्या वर्षी १९७० ते १९९० चे सगळे स्टुडिओ अल्बम एका संचात निघाले, १० सीडी. 'फर्स्ट अल्बम' आणि 'रिओ ग्रँड मड'सुद्धा मूळ रूपात त्यातच आले. (सातारी_तर्री, हे तुमच्यासाठीही.) पुठ्ठ्याची साधी पाकिटं आहेत, पुस्तिका वगैरे लाड नाहीत, पण किंमत डब्यापेक्षा फार नसते. पैशाची अडचण नसेल तर दोन्ही न्या: डबा वाचायला, संच ऐकायला.

रिळवाला

आणि जमलं तर २०२२ चा 'रॉ' खिशात टाका. संग्रह नाही, पण टेक्सासमधल्या ग्रीन हॉल (Gruene) नावाच्या जुन्या लाकडी डान्स हॉलमध्ये त्याच तिघांनी जुनी गाणी माहितीपटासाठी वाजवली होती, त्याचं हे ध्वनिमुद्रण. डस्टी हिल २०२१ च्या जुलैमध्ये गेला, त्यानंतर ते प्रसिद्ध झालं. प्रतिध्वनी नाही, मशीन नाही. दादांना ड्रमबद्दल तक्रार करायला जागा उरणार नाही.

वापरलेला डबा घेताना विक्रेत्याकडून चारही सीडींचे आणि पुस्तिकेचे फोटो मागवून घ्या. बरेच डबे पुस्तिकेविना फिरतात.

बायूकाठचा

फोटो मागवले. पुस्तिका आहे, तिसऱ्या सीडीवर एक ओरखडा दिसतोय. घ्यावा का?

सातारी_तर्री

तिसरीवर साधारण ऐंशीचं दशक असेल ना? घ्या बिनधास्त.