निळूभाऊ बघायला सुरुवात कुठून करावी? (हाताशी फक्त पाच तास)

धाकटेमामा
नमस्कार मंडळी. भाचा एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजच्या एकांकिकेत सरपंच करतोय. काल जेवताना करून दाखवला. मान तिरकी, एक डोळा बारीक, घशात खरखर आणि "बाई, वाड्यावर या". हातात वरणाची वाटी तशीच. विचारलं, निळू फुल्यांचं काय पाहिलंयस? तर म्हणे, रील्स.
सोमवारी तालीम आहे. उद्याचा रविवार मोकळा, पण जेवण धरून पाचच तास. फार तर दोन चित्रपट. तमाशापट नको, ढोलकी वाजली की हा मोबाईल काढतो. पाटील सोडून हा माणूस आणखी काय काय होता, एवढं त्याला कळलं तरी पुष्कळ. काय दाखवू?

उंबरठा_ओलांडून
सामना. विषय संपला.

गूळखोबरं
सामना +१. १९७५, जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, तेंडुलकरांची पटकथा. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळूभाऊ आणि समोर दारुडा मास्तर म्हणजे डॉ. लागू. "मारुती कांबळेचं काय झालं?" हा एकच प्रश्न मास्तर विचारत राहतो आणि पाटलाचा चेहरा बदलत जातो. ते बघायला सांगा.

जुनाखेळाडू
दोन चित्रपटांत निळूभाऊ? समुद्र तांब्यात भरायला निघालात. घ्या यादी : एक गाव बारा भानगडी (१९६८, त्यातला झेले अण्णा), सोंगाड्या, पिंजरा, हऱ्या नाऱ्या जिंदाबाद, सामना, सिंहासन, भुजंग. हिंदीत कुली आणि सारांश. एवढं झालं की मग पुढचं सांगतो.

धाकटेमामा
@जुनाखेळाडू, पाच तास म्हटलंय हो.

जुनाखेळाडू
सुट्टी काढा.

रंगपटातला_आरसा
चित्रपट राहू द्या, माणूस रंगभूमीचा होता. सखाराम बाइंडर १९७२ साली आलं तेव्हा मी कॉलेजात होतो. घरी क्लासला जातो म्हणून सांगितलं आणि तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो. निळूभाऊ सखाराम, लालन सारंग चंपा. आजकालच्या मुलांना ते नाटक म्हणजे काय ते कळणारच नाही.

गूळखोबरं
पण काका, ते आता दाखवायचं कुठून? तुमच्या आठवणीतून?

रंगपटातला_आरसा
नाटकाचं पुस्तक मिळतं. शिवाय सेन्सॉर आणि कोर्टाचं सगळं रामायण कमलाकर सारंगांनी 'बाइंडरचे दिवस'मध्ये लिहून ठेवलंय. तेही द्या वाचायला.

धाकटेमामा
रविवारीच?

शुद्धलेखनवाला
धागाकर्त्याने 'निळू' दीर्घ लिहिलं याबद्दल अभिनंदन. बाकी "वाड्यावर या" हे वाक्य कोणत्या चित्रपटात, कितव्या मिनिटाला आहे ते कोणी सांगेल का? प्रत्येक लग्नात एक तरी मेव्हणा ते म्हणून दाखवतो. चित्रपटाचं नाव विचारलं की पाणी प्यायला जातो.

माळावरची_बोर
आमच्याकडं जत्रंत तंबूत शिनेमा यायचा. माझी आजी पडद्याकडं बघून बोटं मोडायची, "मुडदा बशिवला तुझा". घरी येताना म्हणायची, बाकी माणूस गुणाचा दिसतोय. दोन्ही एकाच तोंडानं. दादा, भुजंग दाखवा.

थेट_डेक्कनवरून
सिंहासन (१९७९). सामना सगळे सांगतातच, पण तो पुन्हा पाटीलच ना? भाच्याला पाटील येतोय, तोच तर त्याचा आजार आहे. सिंहासनात निळूभाऊ पत्रकार आहेत, दिगू टिपणीस. आवाज नाही, मिशीवर ताव नाही. सगळे पुढारी त्याच्यापुढे बोलतात, हा ऐकून घेतो. शेवटी तो हसत सुटतो तेव्हा अंगावर काटा येतो.

उंबरठा_ओलांडून
सिंहासनात खरा भाव खाऊन जातो तो अरुण सरनाईक. मुख्यमंत्री कसा बसतो, कसा बघतो, अहाहा.

थेट_डेक्कनवरून
धागा निळूभाऊंचा आहे.

उंबरठा_ओलांडून
असू दे. पडदा आणि गाणं दोन्ही येणारा माणूस हवा असेल तर सरनाईकच. कोल्हापूरचं घराणं, वडील शंकरराव संगीत नाटकातले, काका निवृत्तीबुवा जयपूर घराण्याचे गवई. घरकुल (१९७०) मधलं "पप्पा सांगा कुणाचे" हे स्वतः गायलेत. १९८४ ला अपघातात गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. निळूभाऊंचं एक तरी गाणं सांगा.

थापखोर
गाणं नाही सांगत, ताल सांगतो. अवांतर वाटेल, पण वाचा.
मी काही वर्षं हौशी कलापथकात ढोलकीवर बसायचो. निळूभाऊ आणि राम नगरकर ही जोडीच मुळात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातली. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने निळूभाऊंचं नाव झालं, चित्रपट त्यानंतरचा. लोकनाट्यात गण (गणपतीची स्तुती), गवळण, बतावणी (विनोदी सवालजवाब), मग वग (मुख्य कथानाट्य). बतावणीत सोंगाड्याचं, म्हणजे विनोदी पात्राचं, उत्तर ढोलकीच्या थापेवर यावं लागतं. अर्धी मात्रा लवकर आलं तर हशा मरतो, उशिरा आलं तर लोक पुढचं ऐकायला लागलेले असतात. आमचा एक सोंगाड्या रोज लवकर यायचा. मी थाप मारीपर्यंत त्याचं वाक्य संपलेलं. शेवटी मीच त्याच्याकडे बघून वाजवायला लागलो, तर लोक म्हणाले ढोलकीवाला चुकतोय.
ही शिस्त अंगात मुरली की ढोलकी नसतानाही माणूस मापात थांबतो. सामनात बघा, पाटील उत्तर देण्याआधी किती थांबतो ते मोजा. खरखर आवाज कोणालाही काढता येतो. भाच्याला म्हणावं, वाक्यं पाठ आहेत ना, मग मांडीवर ठेका धरून म्हण आणि कुठे गप्प बसायचं ते आधी ठरव. आणि बाइंडरमधला सखाराम मृदंग वाजवतो, हे वरच्या काकांनी सांगायला हवं होतं.

रंगपटातला_आरसा
सांगणारच होतो.

गूळखोबरं
म्हणजे सामनाच. मी पहिल्यांदा तेच म्हटलं होतं.

उंबरठा_ओलांडून
पहिल्यांदा मी म्हटलं होतं.

सीडी_संग्राहक
कुठेही बघा, आधी शेवटची दहा मिनिटं तपासून घ्या. मी सिंहासनची डीव्हीडी घेतली, मध्यंतरानंतर आवाज गायब. सगळे पुढारी तोंड हलवतायत, मूकपट. दुकानदार म्हणाला, साहेब, कळतंय ना तरी. खरं सांगू? कळत होतं. पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

माळावरची_बोर
पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय कॉलेजात माळीकाम करायचे म्हणे ते सुरुवातीला. झाडांना पाणी घालणारा माणूस पडद्यावर एवढा वंगाळ कसा दिसतो, आमच्या आजीला सांगितलं असतं तर तिनं बोटं मोडली नसती.

जुनाखेळाडू
जैत रे जैत राहिला माझ्या यादीत. तोही घाला.

थेट_डेक्कनवरून
त्यात निळूभाऊंना काम किती! नायक मोहन आगाशे. पाच तासांत तो कशाला? सामना + सिंहासन, बास.

धाकटेमामा
सगळ्यांचे आभार. रविवार रात्र, अहवाल देतो.
सामना लावणार होतो. आमची आई म्हणाली, मला महानोरांची गाणी ऐकायचीत, जैत रे जैत लाव. आईपुढे कोणाचं चालतं? लावला. पहिलाच ढोल वाजला आणि पठ्ठ्याने मोबाईल काढला. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने मान वर करून विचारतो, "मामा, हा नाग्याचा बाप, भगत, कोण आहे?" म्हटलं, तुझे वाड्यावरचे. म्हणे, शक्य नाही. मागे नेऊन पुन्हा बघितलं. मग मोबाईल उशीखाली गेला. शेवटपर्यंत आई गुणगुणत होती आणि हा तिला "आजी, शू" करत होता.
दुसरा चित्रपट झालाच नाही. उरलेला वेळ तो मांडीवर ठेका धरून सरपंचाची वाक्यं म्हणत होता (@थापखोर, तुमच्यामुळे. शेजाऱ्यांनी विचारलं, भजन आहे का).

थेट_डेक्कनवरून
म्हणजे इतक्या लोकांनी सांगितलेलं सोडून तुम्ही पाटील नसलेला चित्रपट दाखवलात. धन्य.

जुनाखेळाडू
माझ्या यादीतलाच आहे.

थापखोर
तालीम कशी झाली ते कळवा.

धाकटेमामा
सोमवार रात्र. खरखर न काढता, सावकाश बोलला म्हणे. पाटलासारखा थांबत थांबत. दिग्दर्शक म्हणाला, "अरे, आवाज कुठे गेला तुझा? मागच्या वेळी केलास तोच सरपंच आण." आता घरात दोन सरपंच आहेत. जेवताना एक असतो, तालमीला दुसरा जातो. स्पर्धेला कोणता जाईल ते बघू.

नवा_सभासद_७
सामना बघा. मस्त आहे. (वरचे प्रतिसाद वाचले नाहीत.)