कोड आणि थायरॉइड: सीएक्ससीएल-१० मोजून काही कळेल का?

प्रश्न
माझ्या धाकट्या बहिणीला दोन वर्षांपासून कोड आहे. नुकत्याच केलेल्या रक्ततपासणीत तिचे टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) आणि टी-४ (थायरॉइडचे संप्रेरक) मर्यादेत आले, परंतु अँटी-टीपीओ प्रतिपिंडे (थायरॉइडविरुद्धची अँटीबॉडी) वाढलेली आढळली. सीएक्ससीएल-१० हा रोगप्रतिकारक पेशींना बोलावणारा रेणू कोड आणि थायरॉइड या दोन्ही आजारांत वाढतो, असे वाचनात आले. तो मोजल्यास तिला पुढे थायरॉइडचा आजार होईल की नाही, हे समजेल का?

उत्तर १
आपले वाचन बरोबर आहे. मात्र ज्या कारणाने हा रेणू दोन्हीकडे वाढतो, त्याच कारणाने तो आपल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. कोडामध्ये सीडी-८ प्रकारच्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) इंटरफेरॉन-गॅमा हा संदेशवाहक रेणू सोडतात, त्याच्या प्रभावाने त्वचेच्या वरच्या थरातील केराटिनपेशी सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१० तयार करतात, आणि या रेणूंचा माग काढत सीएक्ससीआर-३ हा ग्राहक (तो रेणू ओळखणारा रिसेप्टर) असलेल्या आणखी टी-पेशी रंगपेशींपर्यंत पोहोचतात. हाशिमोटो आजारात (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते तो आजार) हेच चक्र थायरॉइड ग्रंथीत चालते, कारण इंटरफेरॉन-गॅमा मिळाल्यावर तेथील पेशीही सीएक्ससीएल-१० स्रवतात. त्यामुळे रक्तात वाढलेला सीएक्ससीएल-१० त्वचेतून आला की ग्रंथीतून, हे त्या आकड्यावरून ओळखता येत नाही. संशोधनात कोडाची सक्रियता जोखण्यासाठी तो उपयोगी ठरला आहे, पण एका व्यक्तीचे भविष्य सांगण्याइतका तो नेमका नाही.

उत्तर २
अवयव ओळखण्याचे काम अँटी-टीपीओच करते, कारण ही प्रतिपिंडे थायरॉइडमधील एका विशिष्ट विकराविरुद्ध (एन्झाइमविरुद्ध) असतात, आणि ती तपासणी आपण आधीच केली आहे. ती वाढलेली असणे म्हणजे थायरॉइडचे कार्य मंदावण्याची शक्यता अधिक असणे. आजार सुरू झाला असा त्याचा अर्थ नव्हे. टीएसएच मर्यादेत असताना केवळ प्रतिपिंडांसाठी सहसा लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) देत नाहीत. साधारणपणे वर्षातून एकदा टीएसएच पाहावे, थकवा किंवा वजनवाढ जाणवल्यास लवकर पाहावे, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टरांना या प्रतिपिंडांविषयी आवर्जून सांगावे.

प्रश्नकर्ती
दोघांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी रुक्सोलिटिनिब मलमाचा विचार सुचवला आहे. इंटरफेरॉनचा मार्ग एकच असेल, तर त्याने थायरॉइडलाही संरक्षण मिळेल का?

उत्तर १
तशी अपेक्षा ठेवू नये. हे मलम इंटरफेरॉनचा संदेश पेशीच्या आत नेणारी जॅक विकरे रोखते, आणि अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला १२ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या नॉन-सेग्मेंटल (सहसा शरीराच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या) कोडासाठी मान्यता मिळाली. पण ते त्वचेसाठीच आहे.

उत्तर ३
एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. बहीण केस किंवा त्वचेसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असेल, तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर सांगा. अधिक मात्रेतील बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त येते, आणि मंदावू लागलेली ग्रंथी त्या अहवालात निरोगी भासू शकते.