'रेटिना वाचवणारी गोळी नसतेच' हे साफ चूक आहे

कृष्णाकाठ:
परवा इथे एकाने लिहिलं, "मधुमेहात रेटिना (डोळ्याचा पडदा) वाचवणारी गोळी नसते. शुगर ताब्यात ठेवा, बाकी सगळा कंपन्यांचा बाजार." वर दीडशे लोकांची वाहवा. मला गप्प बसवेना.

फेनोफायब्रेट. ट्रायग्लिसराइडची, म्हणजे रक्तातल्या चरबीची जुनी गोळी, पेटंट कधीच संपलेलं. 2007 साली फील्ड नावाच्या मोठ्या चाचणीचे डोळ्याबद्दलचे निष्कर्ष आले. जवळपास 9,800 मधुमेही होते आणि गोळी घेणाऱ्यांत पडद्यावरच्या लेसर उपचाराची गरज साधारण 30 टक्क्यांनी कमी पडली. 2010 मध्ये दुसरा अभ्यास, अकॉर्ड-आय. चार वर्षांत रेटिनोपॅथी (मधुमेहाने पडदा बिघडणं) वाढली ती नुसती स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, घेणाऱ्यांत 10.2 टक्के जणांची, जोडीला फेनोफायब्रेट असणाऱ्यांत 6.5. ऑस्ट्रेलियाने 2013 मध्येच या कामासाठी मान्यता दिली. आपल्याकडे किती मधुमेहींना कुणी हे नाव सांगितलंय?

माझे वडील पेपर वाचताना सारखा चष्मा पुसायचे. चष्म्यावर काहीच नव्हतं. आत रक्त उतरलं होतं. त्याआधी सात वर्षं दर तीन महिन्यांनी शुगर तपासली जायची, डोळ्यात थेंब घालून पडदा मात्र एकदाही कुणी पाहिला नाही.

निवांत_नाशिक:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण आकडे अर्धवट देऊ नका. फील्ड हृदयासाठी होता, आणि त्याचं मुख्य उद्दिष्ट साधलंच नाही. डोळ्याचा फायदा बाजूला सापडला. बाजूला सापडलेल्या गोष्टीवर सगळ्यांना गोळी लावायची?

कृष्णाकाठ:
म्हणून तर स्कॉटलंडमध्ये लेन्स नावाचा अभ्यास झाला, खास डोळ्यासाठीच! 1,151 लोक, निकाल 2024 मध्ये. रेटिनोपॅथी किंवा मॅक्युलोपॅथी (पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, बिघडणं) वाढून तज्ज्ञाकडे पाठवायची किंवा उपचारांची वेळ आली ती फेनोफायब्रेटवाल्यांत 22.7 टक्क्यांवर, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 29.2.

माईची_लेक:
गोळ्यांचं निघालंच आहे तर डोळ्यांसाठी म्हणून विकतात त्या ल्युटिनचं बोला की. आईला तीन वर्षं कॅप्सूल चालू होत्या, चाळीस रुपयांची स्ट्रिप, महिन्याला तीन. आजार मधुमेहाचा. ल्युटिनवरचा तो एआरईडीएस-2 अभ्यास तर म्हातारपणी मॅक्युला झिजते त्यावरचा! डबीवर डोळ्याचं चित्र असलं की झालं? तेवढ्यात वर्षातून दोनदा पडदा तपासून झाला असता.

औषधवाला_साताऱ्याचा:
ताई, दोष दुकानावर टाकू नका. निम्मे लोक चिठ्ठीशिवाय स्वतःच मागतात. "डोळ्याची ताकदीची द्या." नाही म्हटलं तर शेजारच्या दुकानात जातात.

माईची_लेक:
चिठ्ठी होती! अजून जपून ठेवलीय. वर कॅल्शियम डोबेसिलेट हे औषधही होतं. 2009 च्या कॅल्डिरेट अभ्यासात, 635 रुग्णांवर, पाच वर्षं पाहूनही मॅक्युलाची सूज त्याने टळली नाही. तरी लिहितात. तुम्ही विकता, ते लिहितात, भरतो आम्ही.

औषधवाला_साताऱ्याचा:
चिठ्ठीवरचं औषध दिलं नाही तर मी गुन्हेगार, दिलं तरी मीच? रात्री अकराला इन्सुलिनसाठी शटर उघडतो, ते कुणाला आठवत नाही.

निवांत_नाशिक:
दोघं थांबा. मुद्दा फेनोफायब्रेटचा होता. लेन्सचं मला मान्य करावं लागेल, अभ्यास नीट आहे. पण नजरेच्या तक्त्यावर फरक दिसला नाही, हे धागाकर्त्याने का गाळलं? रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) वाढतं हे का गाळलं? माझ्या सासऱ्यांचं मूत्रपिंड आधीच कमजोर. इथे वाचून ते उद्या गोळी सुरू करतील, मग?

कृष्णाकाठ:
गाळलं, चूक झाली. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर ही गोळी नाहीच, आणि घ्यायची तर क्रिएटिनिन तपासत राहायचं. स्वतःहून सुरू करा असं मी म्हटलेलं नाही. तक्त्याचं म्हणाल तर रेटिनोपॅथीत पडदा बिघडत असतानाही नजर बरेच दिवस शाबूत असते. वडील रक्त उतरायच्या आदल्या आठवड्यापर्यंत सुईत दोरा ओवत होते. खालची ओळ वाचता येते म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो.

निवांत_नाशिक:
हा मुद्दा बरोबर आहे. तरी शुगर आणि बीपी आधी, गोळी नंतर, यावरून मी हलणार नाही.

कृष्णाकाठ:
हलू नका. फक्त 'गोळी नसतेच' म्हणू नका. आणि सासऱ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला?

निवांत_नाशिक:
मोतीबिंदूच्या वेळी. चार वर्षं झाली. सोमवारी नेतो.