‘सिम्स’बाबत वेळेच्या मर्यादेआधी पैसे आणि मॉड्स पाहावेत

तेरा वर्षांच्या मुलीला ‘द सिम्स ४’ हा आभासी माणसांचे आयुष्य चालवण्याचा व्हिडिओ गेम खेळू द्यावा का, असा प्रश्न एका पालकांनी विचारला आहे आणि त्यावरचे बहुतेक प्रतिसाद वेळेच्या मर्यादेबद्दल आहेत. माझ्या मते त्याआधी पैसे आणि मॉड्स (खेळात बदल करणाऱ्या फायली) यांचा विचार व्हावा. २०१४ साली आलेला हा खेळ ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य आहे, मात्र पाळीव प्राणी, ऋतू, महाविद्यालयीन जीवन असे विस्तार स्वतंत्रपणे विकत घ्यावे लागतात आणि बरेच घेतले तर खर्च हजारो रुपयांवर जातो. त्यामुळे तिच्या खात्याला कार्ड जोडून ठेवू नये.

अमेरिकेत या खेळाला तेरा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठीचे मानांकन आहे. त्यात प्रेम, लग्न, मृत्यू सारे येते, पण शरीरसंबंध पांघरुणाखाली, विनोदी ढंगाने सुचवलेले असतात. खरी अडचण संगणकावरील मॉड्सची आहे, कारण इतर खेळाडूंनी बनवलेल्या या फायलींना ते मानांकन लागू होत नाही आणि त्यांतील काही उघडपणे प्रौढांसाठीच असतात. डॉक्युमेंट्समधील खेळाच्या फोल्डरमध्ये ‘मॉड्स’ नावाचे फोल्डर असते; ते मुलीसोबत बसून पाहावे, तिच्या अपरोक्ष नव्हे.

एकदाच पैसे भरून मोकळे व्हायचे असेल, तर ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ मला अधिक सोयीचा वाटतो. त्यातही दारूचा गुत्ता आणि जुगाराचा अड्डा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.