डाळिंबाच्या सालीचा पिवळा मळकट येतोय, मदत हवी आहे

भाचीच्या बाळासाठी बाळंतविडा घरीच शिवतेय. झबली, टोपडी, दुपटी, सगळं मलमलीचं आणि रंग डाळिंबाच्या सालीचा. आम्ही सांगोल्याचे, त्यामुळे साल विकत आणायचा प्रश्नच नाही. तडकलेली फळं बाजारात जात नाहीत, त्यांची साल वाळवून डबे भरून ठेवलेत.

कापड धुण्याचा सोडा घालून उकळलं, खळ काढली. कापडाच्या कोरड्या वजनाच्या निम्मी साल रात्रभर भिजवून, उकळून, गाळून घेतली. रंग धरायला तुरटी, किलोभर कापडाला 150 ग्रॅम. पातेलं स्टीलचं. सालीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं आणि त्याला लोखंड लागलं की काळपट होतं, हे माहीत असल्याने कढई-उलथनं आसपासही फिरकू दिलं नाही.

तरी रंग येतो हिरवट-करडा! दुपट्याची घडी जिथे पडली होती तिथे तर काळसर रेघाच उमटल्यात. पुण्यात धाकटी बहीण हीच साल, हीच मलमल, याच पुडीतली तुरटी वापरते आणि तिच्याकडे लख्ख पिवळा.

आमचं पाणी बोअरचं, बादलीला तांबूस थर धरतो. म्हणून नंतर रंगाच्या पातेल्यात पिण्याच्या जारचं पाणी घेतलं. जरा उजळलं, पण मळकटपणा तसाच. मग पाणी नाही तर काय? साल जुनी झाली? तुरटी कमी पडते? एका व्हिडिओत मोरचूद घाला म्हणतात, पण बाळाच्या कपड्यांना ते घालायला मन धजत नाही. बारसं तोंडावर आलंय.

रानजाई: ताई, चमचाभर हळद टाका की. लगेच पिवळं होईल.

खटपट्या: हळद नको हो. उन्हात उडते, साबण लागला की लाल होते. बाळाचे कपडे रोज धुणार, रोज उन्हात वाळणार, आठवड्यात पंचाईत. मोरचूद तर अजिबात नको. ते विषारीच, आणि उरलेलं पाणी ओतायचं कुठे?

निळीचा पिंप: जारचं पाणी फक्त रंगाला घेतलंत. खळ कशात काढलीत? तुरटी कशात विरघळवलीत? खळबळून कशात काढलंत? हे सगळं बोअरवर झालं असेल तर लोह आधीच धाग्यात जाऊन बसलं. साल लागली की ते रंग दाखवणारच. घडीत पाणी साचून राहतं, म्हणून तिथे रेघा.

खात्री करायची तर बोअरच्या पाण्यात सालीचा गाळलेला काढा थोडा ओता, शेजारी जारच्या पाण्यात तेवढाच. बोअरचा पेला काळपट पडला की शंका मिटली. साल जुनी असल्याने काही बिघडत नाही आणि तुरटीही पुरेशी आहे.

मूळ धागाकर्ती: केलं. बोअरचा पेला शाईसारखा झाला! आणि हो, रंग सोडून सगळं धुणं बोअरवरच. आता एवढं जारचं पाणी कुठून आणू?

निळीचा पिंप: पावसाचं साठवलेलं असेल तर त्यासारखं काही नाही. नसेल तर बोअरचं पाणी दोन बादल्यांत उंचावरून पुन्हापुन्हा ओता, म्हणजे हवा लागेल, आणि रात्रभर झाकून ठेवा. लोह तांबूस होऊन बरंचसं तळाला बसतं. वरचं पाणी न ढवळता दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि पुन्हा पेल्याची परीक्षा घ्यायची. तेवढ्याने भागलं नाही तर सगळं कापड बहिणीकडे पाठवा, हाच शहाणपणाचा मार्ग. लिंबू पिळा असं कोणी सांगेल, ते करू नका. आंबटाने तुरटीची पकड सुटते.

खटपट्या: बाळ राहणार कुठे? पुढचं धुणंही अशाच पाण्यात झालं तर पिवळा पुन्हा मळेल.

मूळ धागाकर्ती: भाची पुण्यातच आहे, त्यामुळे ती काळजी नाही. कापड उद्याच एसटीने बहिणीकडे धाडते. या करड्या दुपट्यांचं काय करू?

निळीचा पिंप: पिवळी होणार नाहीत, नाद सोडा. गंजके खिळे आणि गूळ पाण्यात आंबवून कसीम, म्हणजे लोहाचं काळं रंगपाणी, करा, त्यात जरा वेळ बुडवा, छान राखाडी होतील. फार वेळ नको, लोहाने सूत कुजतं. मग पिशव्या शिवा, बाळाला नकोत.