२३० व्होल्टचा स्विच चालू आहे की बंद, हे ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरला कसं कळवायचं?

प्रश्न: रेझिस्टर डिव्हायडरने व्होल्टेज ३.३ वर आणून थेट पिनला दिलं तर चालेल का?

उत्तर १: नको. डिव्हायडरने व्होल्टेज उतरतं, आयसोलेशन (मेन्सपासून विद्युत अलगपणा) मिळत नाही. न्यूट्रल-फेज उलटले की सर्किटचा ग्राउंडच लाइव्ह, आणि यूएसबी लावलेला लॅपटॉपही. पीसी८१७ ऑप्टोकपलर वापरा; त्यात आतल्या एलईडीच्या प्रकाशाने सिग्नल पलीकडे जातो, तारेची जोडणी नसते. त्याच्या एलईडीला सिरीजमध्ये ४७ के (किलोओहम), १ वॅटचे दोन रेझिस्टर. करंट सुमारे २.४ मिलिअँपिअर, प्रत्येकी उष्णता ०.२८ वॅट. दोन अशासाठी की शिखर ३२५ व्होल्ट असतं आणि छोट्या रेझिस्टरची मर्यादा साधारण २५०. एलईडीला उलट्या दिशेने समांतर १एन४१४८ डायोड हवाच, कारण एलईडी उलटं व्होल्टेज जेमतेम ६ व्होल्ट सोसतो. आधी फ्यूज.

उत्तर २: ऑप्टोकपलरचं आउटपुट ५० हर्ट्झच्या पल्समध्ये येतं. एकदाच पिन वाचू नका. गेल्या ४० मिलिसेकंदांत पिन एकदा तरी लो (० व्होल्टजवळ) दिसली तर स्विच चालू समजा. पुल-अप (पिनला ३.३ व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) बाहेरून १० के लावा. ईएसपी३२ च्या आतला पुल-अप कमकुवत असतो, लांब वायरच्या गळतीनेही खोटं 'चालू' दिसू शकतं. स्विचमध्ये निऑनचा छोटा दिवा असेल तर ही कटकट जास्त.

उत्तर ३: पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) मेन्सची आणि ईएसपी३२ ची बाजू यांत किमान ६ मिमी अंतर, ऑप्टोखाली खाच. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप मेन्सच्या बाजूला कधीच नाही.