मनी दाणे खाईना – जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीचा ग्रुप

बी-३०४: नमस्कार मंडळी. आपल्यात मांजरवाले कोण कोण आहेत? आमची मनी पाकिटातले दाणे बघून तोंड फिरवते. ओल्या पाऊचमधला रस्सा तेवढा चाटते, तुकडे तसेच. आता खरं चिकन घालून बघावं म्हणतेय. कच्चं द्यायचं का शिजवून?

बी-४०१: मनी सोलापूरची हाय ओ ताई, तिला शिक कढई पाहिजे

सी-२०१ अक्का: उकडून घाल की ग. आमच्या बोक्यांना मी रविवारी अळणी रश्श्यातलंच काढून देते. ताट चाटूनपुसून ठेवतात.

ए-३०२: कच्चंच द्या. रानात मांजर काय कुकर लावतं का?

बी-४०१: तीन शिट्ट्या

ए-१०२ काकू: तुम्हाला काय द्यायचं ते द्या, पण आपापल्या घरात. जिन्यात वाटी कोण ठेवतंय? मुंग्यांची रांग आमच्या उंबऱ्यापर्यंत आली आहे. आमच्या घरात हे चालत नाही, माहीत आहे सगळ्यांना.

बी-३०४: काकू, आमची नाही हो ती. मनी दाराबाहेर पडतच नाही.

ए-१०२ काकू: मग कुणाची?

सी-२०१ अक्का: माझी आहे. मीटरच्या पेटीखाली मांजर व्यालीय, तीन पिल्लं आहेत. बाळंतिणीला उपाशी ठेवू का?

सेक्रेटरी: वाटीचं संध्याकाळी बघू. आधी उद्या पहाटेच्या पाण्याचं वाचा, वरती टाकलंय. कोणी वाचत नाही आणि मग मला फोन करतात.

सी-१०३ साहेब: माझी नोकरी गाई-म्हशींत गेली, तरी दवाखान्यात मांजरंही यायची. ताई, आधी एक सांगा, मनी रस्सा सोडून पोटात काही घेते का? दोन दिवस मांजर काहीच खात नसेल तर त्याला नखरे समजू नका, डॉक्टरकडे न्या. जाड मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते, मग डोळे-हिरड्या पिवळ्या पडतात. ‘भूक लागली की खाईल’ हे कुत्र्याला ठीक आहे. मांजराच्या बाबतीत हट्ट करू नये.

बी-३०४: खाते सर थोडंथोडं. रात्री दूध पिते. श्रीखंडाचं झाकण तर सोडत नाही.

सी-१०३ साहेब: दूध बंद करा. मोठ्या मांजराला बहुधा पचत नाही, पातळ होतं. आणि श्रीखंड गोड म्हणून खात नाही ती. मांजराला गोड चव कळतच नाही, त्या चवीचं जनुकच निकामी आहे, २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलंय. तिला त्यातलं स्निग्ध आवडतं.

बी-४०१: म्हणजे आमच्या बोक्याला पेढा वाया गेला

ए-१०२ काकू: आमच्या माहेरी मांजरं दूध-भातावरच जगली. कुणी चिकन आणलं नव्हतं त्यांना.

सी-१०३ साहेब: काकू, दूध-भात ती घरात खायची आणि उंदीर गोठ्यात.

बी-४०१: 😂😂

सी-१०३ साहेब: हसू नका, मुद्दा तोच आहे. उंदीर म्हणजे मांजराचं पूर्ण ताट. मांस, हाडं, काळीज, हृदय, रक्त सगळं त्यात आलं. आपण बोनलेस आणून उकडतो आणि खरं मांस दिलं म्हणतो. त्यात कॅल्शियम नावालाच असतं आणि फॉस्फरस भरपूर. मग शरीर ते कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून ओढतं. नुसत्या बोनलेसवर वाढवलेल्या पिल्लांचे पाय वाकलेले मी पाहिलेत. अक्का, तुमच्या तीन पिल्लांसाठीही सांगतोय.

दुसरं, टॉरीन नावाचं पोषकद्रव्य. मांजराला ते शरीरात पुरेसं बनवता येत नाही, मांसातूनच मिळावं लागतं. कमी पडलं तर दृष्टी जाते आणि हृदय फुगून कमजोर होतं. छातीच्या पांढऱ्या मांसात ते कमी असतं, मांडीच्या गडद मांसात जास्त आणि हृदयात भरपूर. चिकनवाल्याकडे कलेजीच्या ढिगातच कोंबडीची हृदयं पडलेली असतात, मागून घ्या. उकडताना टॉरीन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी मोरीत ओतू नका, मांसावरच घाला.

ए-३०२: म्हणजे पाकीटवाल्यांचंच खरं?

सी-१०३ साहेब: पाकीटसुद्धा पूर्वी अपुरं होतं. विकतचं खाऊनच मांजरांची हृदयं खराब होत होती. कारण टॉरीनची कमतरता, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी दाखवलं, तेव्हा कंपन्यांनी प्रमाण वाढवलं. आता चांगल्या पाकिटात सगळं मोजून घातलेलं असतं. ते जमवायची अक्कल आपल्या कुकरला नाही. साधं चिकन दिवसाच्या खाण्यात दहाव्या हिश्शाएवढं ठेवा. सगळंच घरचं द्यायचं असेल तर डॉक्टरकडून वजनाप्रमाणे कृती आणि पावडरी लिहून घ्या.

सी-२०१ अक्का: माझे बोके तर ठणठणीत आहेत.

सी-१०३ साहेब: अक्का, तुमच्या अळणीत कांदा-लसूण असतो का?

सी-२०१ अक्का: त्याशिवाय अळणी कसली? आलं, लसूण, कांदा, हळद, मीठ. तिखट नसतं एवढंच.

सी-१०३ साहेब: तेच नको. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवला, वाटला, वाळवला तरी फरक पडत नाही. मसाल्याचा तुकडा नळाखाली धुऊन दिला म्हणूनही उपयोग नाही, आत मुरलेलं राहतंच. फोडणीच्या आधी नाही, पातेल्यात कांदा पडायच्या आधी त्यांचा वाटा बाजूला काढा. नुसतं पाणी, मीठही नको.

सी-२०१ अक्का: बरं. वेगळं छोटं पातेलं लावते.

ए-३०२: साहेब, कच्च्याचं बोला की. माझा बोक्या खिमा कच्चाच खातोय, काही झालं नाही.

सी-१०३ साहेब: आपल्याकडे कापलेलं मांस दुकानात उघड्यावर टांगलेलं असतं, त्यात एप्रिलचं सोलापूर. साल्मोनेलाचा जंतू काय फक्त माणसाला बघून येतो? २०२५ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या पाळीव मांजरांत बर्ड फ्लू सापडला होता, लक्षात आहे ना? घरात कुणी गरोदर असेल तर कच्च्याचा विषयच नको. आणि उजनीची चिलापी असो की रोहू, मासा देणार असाल तर शिजवून, काटे काढून. काही गोड्या पाण्यातले मासे कच्चे खाल्ले तर बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, मांजर झिंगल्यासारखं चालायला लागतं.

ए-३०२: हाडं?

सी-१०३ साहेब: शिजवलेलं हाड कधीच नाही. चिरफळ्या होऊन घशात नाहीतर आतड्यात रुततं. कलेजी आठवड्यात एखादा छोटा तुकडा. रोज दिली तर ‘अ’ जीवनसत्त्व साठून मान आखडते.

बी-३०४: सर, पण तिला दाण्यांवर परत कसं आणू? चिकनची चटक लागली तर दाण्यांकडे बघायचीसुद्धा नाही.

सी-१०३ साहेब: चिकनलाच आमिष करा. मांडीचं मांस उकडा, बोटांनी रेषा सोडवा. दाण्यांवर ते कोमट पाणी चमचाभर आणि चिमूटभर रेषा. मांजर आधी नाकानं खातं. फ्रिजमधलं थंडगार दिलं तर वासच येत नाही, मग तोंड फिरवणारच. अंगाएवढं कोमट करा. रेषा हळूहळू कमी करत जा, आठ-दहा दिवस तरी लागतील. एकदम बदलू नका.

सी-२०१ अक्का: आणि पोरी, तू ताटाजवळ बसून ‘खा ग बाळा’ करत असशील ना? उठून जा तिथनं.

बी-३०४: अक्का, तुम्हाला कसं कळलं 🙈

सी-१०३ साहेब: अर्ध्या तासानं उरलेलं उचला. या उन्हात ओलं खाणं लगेच आंबतं.

ए-१०२ काकू: हे अर्ध्या तासाचं जिन्यातल्या वाटीलाही लागू करा.

सेक्रेटरी: ठरवून टाकू. जिन्यात वाटी नाही. बाळंतीण आणि पिल्लं वॉचमनच्या खोलीमागच्या पत्र्याखाली हलवायची, अक्का आणि ३०२ दोघांनी मिळून. संध्याकाळी सातला ताट ठेवायचं, साडेसातला उचलून जागा धुवायची.

ए-३०२: धुवायला पाणी?

सेक्रेटरी: वरचा मेसेज वाचा!!

ए-१०२ काकू: चालेल. पत्र्याखाली पोतं टाका नाहीतर पिल्लं भाजतील, दुपारी तवा होतो तो. आमच्या गॅलरीत एक पडून आहे, घेऊन जा.

सी-२०१ अक्का: येते काकू.

(रविवार)

बी-३०४: अपडेट. मनीनं चिकनच्या रेषा खाल्ल्या, दाणे एकेक करून ताटाबाहेर काढून ठेवले.

बी-४०१: पगारी कामगार ठेवा ताई, वेगळे करायला

सी-१०३ साहेब: दाणे त्याच पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि चमच्यानं चेचून रेषांत कालवा. वेगळे काढता आले नाही पाहिजेत. अंगात पाणीही जाईल, मांजर तसं पाणी कमीच पितं.

बी-३०४: करते सर. अक्का, तुम्ही हृदयं कुठल्या दुकानातून आणली?

सी-२०१ अक्का: माझ्याकडे आहेत जास्तीची, डबा घेऊन ये. बिनकांद्याची उकडलीत.

ए-१०२ काकू: अक्का, सात पस्तीस झाले. ताट अजून तिथंच आहे.